सोलापूरच्या टॉवेल-चादर कारखानदारांना खुलं पत्र : डोक्याच्या आजारातून उठलेल्या माणसाची जागा धरून ठेवा

सप्रेम नमस्कार मालक लोकहो,

अक्कलकोट रोड एमआयडीसी, चिंचोळी, भद्रावती पेठ, साखर पेठ, जिथं जिथं तुमच्या शेड आहेत तिथल्या सगळ्यांना हे पत्र आहे, चार लूमवाल्याला पण आणि एक्स्पोर्टवाल्याला पण. मी तुमच्यातल्याच काही जणांची पीएफची आणि ईएसआयची (म्हणजे कामगारांच्या आजारपणाच्या सरकारी विम्याची) चलनं भरणारी बाई, एका टॅक्सवाल्याच्या ऑफिसात बसते, त्यामुळं कुणाच्या रजिस्टरवर माणसं किती आणि शेडमध्ये किती हे मला बोलायला लावू नका. पत्राचा विषय तो नाही (थोडा आहे, पुढं येईलच). विषय असा की ज्याला आपल्याकडं सरळ "डोक्यावर परिणाम झालाय" म्हणून मोकळं होतात त्या माणसाचं काम कसं जातं, काम गेल्यावर त्याच्यामागं अजून काय काय जातं, आणि ह्यात तुमच्या हातात काय आहे.

आधी एक सांगते, मी टेन्शन आलंय, झोप लागत नाही, मूड नाही ह्याबद्दल बोलत नाहीये. त्यावर हल्ली सगळे बोलतात, रील पण निघतात. मी बोलतेय ते स्किझोफ्रेनिया, बायपोलर असल्या आजारांबद्दल, ज्यात माणसाला कानात आवाज येतात, लोक आपल्यावर पाळत ठेवालेत असं वाटतं, नाहीतर आठ-आठ रात्री झोप नाही आणि खिशात दमडी नसताना बुलेट बुक करून येतो. त्यावर रील निघत नाहीत, निघाल्या तर हसायला निघतात.

माझा धाकटा भाऊ जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या लूमवर होता. आमच्या घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, कामावर मराठी, म्हणजे पक्के सोलापूरचे, वडील लूमवरच म्हातारे झाले आणि हा त्यांच्या हाताखाली पोरवयातच शिकला. तुटलेली तार चालत्या लूमवर नजरेनं हेरायचा, लूम थांबवून गाठ मारून परत चालू करेपर्यंत शेजारच्याला कळायचं पण नाही. तेविसाव्या वर्षी त्याला लूमच्या आवाजात स्वतःचं नाव ऐकू यायला लागलं. आता शेडमधला तो खडखडाट तुम्हाला माहितीये, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागतं, त्यात कुणाला काय ऐकू येतंय हे दुसऱ्याला कळणार कसं? तो लूम बंद करायचा, मागं वळून बघायचा, परत चालू करायचा, परत बंद. प्रॉडक्शन पडलं. जॉबरला, म्हणजे शेडमधल्या मुकादमाला, वाटलं पिऊन येतो. एक दिवस दुसऱ्या कामगारावर धावून गेला, तू मला शिव्या का देतो म्हणून, आणि त्याच संध्याकाळी हिशेब झाला. हिशेब म्हणजे काय, उचल बाकी होती ती पगारातून कापली आणि वरची राहिलेली फेडायला घरी निरोप आला.

हे सगळं तुमच्याकडं पण घडलेलं असेल. मी त्या मालकावर राग काढायला बसले नाही, धावून गेलेल्या माणसाला लूमवर ठेवता येत नाही हे मला पण कळतं. मला बोलायचंय ते त्यानंतरचं.

त्यानंतर बाकी सगळे जातात तसं आम्ही पण गाणगापूरला जाऊन आलो, एका बाबाला बांगड्या विकून पैसे दिले (त्याच्याबद्दल नको, कपाळ दुखतं), आणि मग एका शेजारणीनं हाताला धरून सिव्हिलला, म्हणजे सरकारी दवाखान्यात नेलं. सिव्हिलची ओपीडी म्हणजे रांग आलीच, पण औषध मिळालं, आणि लागू पडलं. ह्या औषधांचा शोध काही काल-परवाचा नाही, पहिलं औषध 1952 सालापासून वापरात आहे, त्यानंतर त्याहून बरी आली. काही महिन्यांत आवाज कमी झाले, झोप लागायला लागली, जेवायला लागला. वजन वाढलं, सकाळी डोळे जड असायचे, हाताला थोडी थरथर, हे औषधाचं असतं. पण माणूस परत आला होता. मग तो काम मागायला गेला.

"बघू की, दिवाळीनंतर ये." दिवाळीनंतर, "गड्डा होऊ दे." गड्डा म्हणजे आपली संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, ती झाली, अक्षता पडल्या, होम झाला, तर "सध्या मंदी आहे." दुसऱ्या शेडमध्ये गेला तर त्याच्या आधी त्याची बातमी पोचलेली. आपलं गाव केवढंसं आहे, लूमवाल्यांचं तर त्याहून लहान.

इथून पुढं जे होतं ते आजारामुळं होत नाही हो. पगार थांबला की आधी भिशी सुटते, मग गल्लीतल्या कार्यात आहेर कमी होतो, मग बोलावणंच कमी होतं. लग्नाचं बघत होते ते स्थळ गप झालं. आणि नुसतं त्याचं नाही, माझ्या चुलत बहिणीचं पण, कारण "त्यांच्या घरात आहे म्हणे". चहाच्या टपरीवर ज्याला जॉबर स्वतः चहा पाजायचा त्याला आता पोरं "काय करालाव बे" म्हणून टिंगलीनं विचारायची. आमच्याच नात्यात एका घरी वाटणीच्या वेळी आजारी भावाला बाहेर ओसरीत बसवलं आणि "त्याला काय कळतंय" म्हणून कागद त्याच्याशिवाय झाले. आता 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं 13 वं कलम स्पष्ट सांगतं की दिव्यांग माणसाला मालमत्ता ठेवायचा, वारशानं घ्यायचा, स्वतःचे पैशाचे व्यवहार बघायचा इतरांइतकाच हक्क आहे, आणि मानसिक आजार त्या कायद्याच्या यादीत आहे. पण कमावता असता तर त्याला ओसरीत बसवायची कुणाची टाप होती का, हे मला सांगा.

बायकांचं तर अजून वेगळं. आमच्या भागातली एक विडी वळणारी बाई बाळंतपणानंतर आजारी पडली, हात चालेना, विड्या छाटात (खराब म्हणून बाजूला) जायला लागल्या, तर आधी तिचं कार्डावरचं काम जावेनं सुरू केलं आणि मग तिला माहेरी आणून सोडलं. माहेरी म्हणजे भावजयीच्या घरी. पुरुषाची नोकरी जाते, बाईचं नोकरीबरोबर घर पण जातं, आणि पोरं कुणाकडं राहणार हे तिला विचारत पण नाही कुणी.

इंग्लंडमध्ये 1963 साली गोल्डबर्ग आणि मॉरिसन नावाच्या दोघांनी एक साधी गोष्ट तपासली होती. स्किझोफ्रेनियाचे पेशंट खालच्या, कमी पगाराच्या कामांत जास्त दिसतात हे आधीपासून माहीत होतं, प्रश्न असा होता की गरिबीमुळं आजार होतो की आजारामुळं गरिबी येते. त्यांनी पेशंटच्या जन्मावेळी बाप काय काम करत होता ते जन्माच्या दाखल्यांवरून काढलं. बाप सगळ्या थरांत होते, बाकीच्या समाजासारखेच, आणि पोरगे मात्र खाली आलेले. म्हणजे वकिलाचा पोरगा पण घसरला आणि कामगाराचा पण. मला हे वाचून आमचीच गल्ली दिसली. गरिबीमुळं आजार वाढत नाही असं मी म्हणत नाहीये, तो वेगळा मोठा विषय आहे, पण ही घसरण होते ती खरी आहे, आणि काम सुटतं तिथून ती सुरू होते. आजार बहुतेक वेळा विशी-पंचविशीत येतो, म्हणजे ज्या वयात माणूस हातात कला धरतो, जॉबर होणार असतो, लग्न करणार असतो, नेमक्या त्या वेळी. चाळिशीत येणारी शुगर परवडली, तोपर्यंत माणूस कुठंतरी बसलेला तरी असतो.

किती माणसं असतील अशी? बंगळूरच्या निम्हान्स ह्या मानसिक आजारांच्या सरकारी संस्थेनं 2015-16 मध्ये 12 राज्यांत मोठा सर्व्हे केला, महाराष्ट्र त्यात नव्हता, पण त्यात मोठ्या माणसांमध्ये गंभीर मानसिक आजाराचं प्रमाण त्या घडीला 0.8 टक्के निघालं. आपल्या शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत साडेनऊ लाख, त्यातली सहा लाख मोठी माणसं धरली तरी पाच हजाराच्या आसपास आकडा जातो. हा माझा अंदाजाचा हिशेब आहे, चलनासारखा पैशापर्यंत बरोबर नाही, तरी एवढं दिसतं की तुमच्यातल्या प्रत्येकाच्या शेडच्या आजूबाजूला असं एक तरी घर आहे.

आता ईएसआयवर येते, कारण हे तुमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नाही आणि उरलेल्यांना माहीत असून सांगायचं नाही. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागतं, पगार 21 हजारापर्यंत असेल तर. तुमचा वाटा 3.25 टक्के, कामगाराचा 0.75. पंधरा हजाराच्या पगाराला तुमच्या खिशातून महिन्याला 487 रुपये 50 पैसे जातात. आता बघा त्यात काय मिळतं. आजारपणाची रजा 91 दिवसांपर्यंत 70 टक्के पगारानं, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण टीबी, कॅन्सर, पॅरालिसिस असल्या लांबणाऱ्या आजारांची ईएसआयची एक वेगळी यादी आहे आणि त्या यादीत सायकोसिस म्हणजे स्किझोफ्रेनियासारखे आजार आहेत. त्यात बसलं की 80 टक्के पगार, दोन वर्षांपर्यंत. अट एवढीच की आधी दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरावीक दिवसांचं काँट्रिब्युशन भरलेलं पाहिजे, आणि सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं पाहिजे. हे पैसे तुमच्या गल्ल्यातून जात नाहीत, कॉर्पोरेशन देतं. शिवाय असा लाभ चालू असताना कामगाराला काढू नये हे 1948 च्या ईएसआय कायद्याचं 73 वं कलम सांगत आलंय.

म्हणजे माझ्या भावाचं नाव रजिस्टरवर असतं तर महिन्याला 80 टक्के पगार घरी आला असता, उचल फिटली असती, बांगड्या राहिल्या असत्या, आणि तो बरा होऊन आला तेव्हा कागदावर तरी तो कामगार असता. नाव नव्हतं. एका पत्र्याखाली तीन फर्मच्या पाट्या आणि प्रत्येक पाटीखाली नऊ-नऊ माणसं, म्हणजे दहाचा आकडा लागतच नाही, हा हिशेब माझ्यासारखीच कुणीतरी बसून जुळवते, मला सगळं माहितीये.

दिव्यांग सर्टिफिकेटचं काय, असं काही जण विचारतील. मिळतं. 40 टक्के किंवा वर भरलं की मिळतं, मानसिक आजारासाठी मोजायची वेगळी पद्धत आहे, स्वतःचं आवरतो का, लोकांशी कसा वागतो, बोललेलं कळतं का, काम जमतं का आणि आजार किती वर्षं आहे ह्यावर मार्क. एसटीला 75 टक्के सवलत मिळते, निराधारचं अनुदान मिळू शकतं. सरकारी नोकरीत 4 टक्के राखीव आहेत, त्यात मानसिक आजाराच्या वाट्याला जो एक टक्का आहे तो ऑटिझम, बौद्धिक अक्षमता वगैरे बाकीच्यांबरोबर वाटून घ्यायचा. आणि खाजगीत? काही नाही. उलट ते कार्ड तुमच्या गेटवर दाखवलं की विषय संपला. म्हणून लोक कार्ड काढतात आणि कपाटात ठेवतात, कामावर लपवतात, लपवलं की ओपीडीच्या दिवशी खोटं बोलून सुट्टी मारतात, पावसाळ्यात चौथ्यांदा आजीला मारून सुट्टी मिळत नाही मग ओपीडी चुकते, ओपीडी चुकली की गोळ्या संपतात, गोळ्या संपल्या की दोन-तीन महिन्यांत आवाज परत. मग तुम्ही म्हणता, बघ, मी म्हटलं नव्हतं ह्या लोकांचा भरवसा नाही.

तुमची भीती मी खोटी म्हणत नाही. गोळीनं डोळे जड झालेल्या माणसाला रात्रपाळीला चालत्या लूमपुढं उभं करा असं मी म्हणणार नाही, आणि बायपोलरच्या माणसाला तर रात्रपाळी देऊच नये, झोप मोडली की त्याचा आजार उसळतो हे डॉक्टर पहिल्यांदा सांगतात. पण कारखान्यात काय फक्त लूमच असतो का? कांडी भरायची आहे, कटिंग आहे, हेमिंग आहे, चेकिंग आहे, घडी आहे, पॅकिंग आहे.

भावाला शेवटी काम दिलं ते एका छोट्या शेडवाल्यानं, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी काही समाजसेवा केली नाही, त्यांना चेकिंगला माणूस पाहिजे होता आणि हा पगारात परवडत होता, एवढंच. त्यांनी त्याला दिवसपाळी दिली, नऊच्या ऐवजी दहाला ये म्हणाले कारण सकाळी गोळीची झापड असते, एक तास कमी तर तेवढे पैसे कमी, त्यात लपवाछपवी नाही. ओपीडीचा दिवस आधीच ठरवला, खोटं बोलायचं काम नाही. आणि एक नियम घातला, काही वेगळं वाटलं तर आधी मला येऊन सांगायचं, लूमवाल्यांशी भांडायचं नाही. भाऊ आता उजेडाच्या बाजूला उतरत्या टेबलावर टॉवेल ओढून घेतो, तळहात उलटा फिरवतो, डोळ्याला दिसायच्या आधी त्याच्या बोटाला कळतं कुठं पाईल (टॉवेलवरचे उभे फासे) कमी पडलाय, वर आलेला धागा कात्रीनं उडवतो, डाग असेल तर सेकंडच्या ढिगात. जकार्डवर होता म्हणून दोष कुठून आला ते पण सांगतो, अमुक लूमची तार ढिली आहे म्हणून. मध्ये एकदा परत बिघडला होता, थोडे दिवस घरी बसला, परत गेला. जागा होती.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये 1990 च्या आसपास ड्रेक आणि बेकर ह्यांनी हेच पद्धतशीर करून दाखवलं. त्याआधीची रीत अशी की पेशंटला आधी वर्षभर मेणबत्त्या-पाकिटं करायला बसवायचं, "तयार" झाला की मग नोकरी बघू, आणि ती वेळ कधी यायचीच नाही. ह्यांनी सरळ खऱ्या बाजारातल्या खऱ्या पगाराच्या कामावर लावलं आणि मदत कामावर असतानाच दिली, एक माणूस मालकाशी आणि डॉक्टरांशी दोन्हीकडं बोलायला ठेवला. अनेक ठिकाणी तपासून बघितलं तर जुन्या पद्धतीपेक्षा जवळपास दुप्पट लोक कामाला लागले. आपल्या शेडवाल्यानं न्यू हॅम्पशायरचं नाव पण ऐकलेलं नसणार.

तर मागणं असं आहे. माणूस आजारी पडला, कामावर काही गडबड झाली, तर त्याला घरी पाठवा, पण हिशेब करून पाठवू नका, आजारपणात पाठवा. घरच्यांना बोलवून सांगा की सिव्हिलला न्या, रात्री-अपरात्री काही सुचत नसेल तर 14416 हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक त्रासात मदत करणारा सरकारी फोन आहे, 2022 पासून चालू आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. उचल असेल तर तो बरा होऊन येईपर्यंत मागू नका, परत आल्यावर हप्त्यानं कापा. सहा महिने त्याची जागा बदलीवाल्यानं चालवा, तुमच्याकडं गावाला गेलेल्या, बाळंतपणाला गेलेल्या लोकांची जागा चालवता की नाही तसंच. परत आला की डॉक्टरची चिठ्ठी बघा, दिवसपाळी द्या, लूम नको असेल तर दुसरं काम द्या. काम जमलं नाही तर तसं तोंडावर सांगा, इतरांना सांगता तसं. फक्त गड्डा होऊ दे म्हणू नका.

आणि तुमच्या संघटनेच्या मीटिंगला जीएसटी, यार्नचा भाव, लाईट बिल ह्यावर तासन् तास चालतं, ते चालायलाच पाहिजे, यार्नचा भाव मी पण रोज ऐकते. त्यातला अर्धा तास ह्याला द्या. सिव्हिलच्या किंवा कुठल्याही मानसोपचारवाल्या डॉक्टरला बोलवा, जॉबर लोकांना समोर बसवा, कारण पहिल्यांदा जॉबरलाच दिसतं की हा माणूस बदललाय, आणि त्याला दारू सोडून दुसरं कारण माहीत नसतं. दिवसच पाहिजे असेल तर 10 ऑक्टोबर घ्या, जागतिक मानसिक आरोग्य दिन असतो, आणि चीनमध्ये जाऊन जखमी सैनिकांवर उपचार करणाऱ्या आपल्या डॉक्टर कोटणीसांचा जन्म पण 10 ऑक्टोबरचाच, 1910 सालचा, इथला सोलापूरचा. त्यांच्या जयंतीला तसे पण हार-तुरे होतातच.

ज्यांच्याकडं असा कामगार आत्ता आहे आणि ईएसआयच्या लांब रजेचा अर्ज कसा करायचा कळत नसेल त्यांनी आमच्या ऑफिसला निरोप पाठवा, माझे मालक ओळखीचे आहेत सगळ्यांच्या. कागद मी करून देते, ह्या कामाचे पैसे घेत नाही. ज्यांच्या रजिस्टरवर तो माणूसच नाही त्यांनी मात्र रिकाम्या हातानं येऊ नका, हजेरीचं खरं रजिस्टर घेऊन या, आधी ते सरळ करू.

तुमची,
चलन भरणारी अक्का